एका किलोत किती

पत्र आलं सोजरबाईच्या मोबाईलवर,
पण प्रिंट माझ्या दुकानात निघाली.
रंगीत, दहा रुपये.
काळी-पांढरी नको म्हणाली, शिक्का लाल दिसला पाहिजे.

शिक्का लाल होता. कोपऱ्यात सिंह होता.
वरती लिहिलेलं, आदरणीय उद्योजिका.
मुरूडच्या स्टँडमागं वीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईला
आजवर कुणी आदरणीय म्हटलं नव्हतं.
तो शब्द तिनं मला दोनदा वाचायला लावला.

महिन्याला दहा हजार कडक भाकरी,
बारा रुपये नग.
मशीन त्यांचं. अनामत फक्त एकवीस हजार पाचशे,
परत मिळणारी,
परवा संध्याकाळी सहाच्या आत भरायची.

मी म्हणालो, फसवायलेत.
ती म्हणाली, कशावरनं?
आणि खरं सांगतो, मला सांगता येईना.
ते सहा वाजणं तेवढं बोचत होतं.
खऱ्या कामाला एवढी घाई कुठं असती, मी विचारलं.
"बाळंतपणाला असती," ती म्हणाली.

मग शोधाशोध.
जीएसटीचा नंबर टाकला, तर दुकान निघालं
लुधियानाचं, टायरचं.
भाचा अंगद चाकणला कंपनीत आहे,
तो रात्रपाळी संपवून तसाच पत्त्यावर गेला.
"मावशी, प्लॉट नंबर अठरा हाय,
पर त्याच्यावर बाभळ हाय अन् एक म्हैस बांधलीय.
म्हशीला इचारू का?"

मी हसलो. ती हसली नाही.
"चुकतंय की माणूस टाइप करताना.
तुम्ही न्हाई का माझ्या रेशनच्या अर्जावर
सोजरचं सोयर केलतं?"

मग तिनंच फोन लावला, स्पीकरवर.
पलीकडचा आवाज नव्या गुळासारखा,
बोटाला चिकटणारा.
अनामतीचं तिनं काही काढलंच नाही.
"साहेब, एका किलोत किती भाकरी बसवू?"
तो म्हणाला, मॅडम, तुमच्या सोयीनं.
"ज्वारी कंची? दगडी का मालदांडी?"
तो म्हणाला, एकदम प्रीमियम.

फोन ठेवून ती थोडा वेळ
झेरॉक्सच्या बंद झाकणाकडं बघत बसली.
"ह्यानं भाकर खाल्लेली न्हाई," म्हणाली,
"इकणार काय."

प्रिंट मात्र फाडली नाही.
चार घड्या घालून चंचीत ठेवली, सुपारीशेजारी.
दोन रात्री तिनं दहा हजाराला बारानं गुणलं होतं,
बोटांच्या पेरांवर, अंधारात,
आणि गुणाकार बरोबर आला होता.

महिन्यानं दुसरा मेसेज.
शिक्का नाही, सिंह नाही, कंपनी नाही.
रात्री पावणेबाराला, अनोळखी नंबर:
ताई बाकरी मिळल का 40 उद्या लातूर

मी म्हणालो, हा तर नक्कीच चोर.
तिनं हातानंच मला गप्प केलं आणि फोन लावला.
"एका किलोत किती?"
पलीकडं जरा वेळ नुसती भांडी वाजली.
मग आवाज, दमलेला:
"आमची माय चौदा करायची.
सोळा करू नका, हातात घेतली की चुरा होतोय,
पोरं शिव्या देतेत."

ट्युशनच्या पोरांची मेस होती त्याची.
सकाळच्या एसटीनं चाळीस भाकरी गेल्या,
धुतल्या धोतराच्या फडक्यात, वर गाठ.

मी विचारलं, पैसे आधी घेतले?
"अर्धे," ती म्हणाली.
"चौदा म्हणला तरी अर्धे."

उरलेले दोन दिवसांनी आले, कंडक्टरच्या हाती,
बारा रुपये कमी.
एक भाकर वाटेत फुटली म्हणे.
तिनं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.
ती वजाबाकी बघितली
आणि मग कुठं तिचा त्याच्यावर विश्वास बसला.