तारलीचं वळण

देवबागच्या शाळेत, ट्रेवर, एक तारली.
कल्ले, पोट, तांदळाएवढं हृदय,
मग भिंगाखाली पेशींची दाटी.
तिथंही सापडत नाही
काल संध्याकाळी पाण्यात पाहिलेलं वळण:
अख्खा जांभळा डाग एकदम कलंडला,
रुपेरी झाला,
पुन्हा जांभळा,
आणि माडाखालून दाजी मेतरांनी पंचा हलवला.

रापण ओढायला चाळीस माणसं.
दोरावरचा एकेक हात तपासला असता
तर तेवढी ओढ
कुणाच्याच दंडात निघाली नसती.

"बाई, काय शोधतास?" दाजींची कुंदा विचारते.
"वळण."
ती हसते. "ही एकटी खंय वळतली?"

सुरी धुताना
बोटाला चिकटलेला खवला
मी खिडकीशी धरते.

जांभळा नाही.