गुणगुण

कोपरकरांनी ॲम्प्लिफायर पुन्हा आणला तापकीर गल्लीत.
चौथ्यांदा.
म्हणे, तळाशी गुणगुण आहे,
षड्जाच्या किंचित खाली.

कपॅसिटर बदलले. अर्थिंग पाहिलं.
व्हॉल्व्ह काढून, पुसून परत बसवले.
मीटर म्हणतो, शून्य.
कोपरकर म्हणतात, मीटरला कान कुठायत?

शेवटी गेलो एरंडवण्यात, त्यांच्या घरी.
दुपारचे दोन. खिडक्यांवर गोधड्या,
पंखा बंद, फ्रिज बंद,
भिंतीवरच्या घड्याळातला सेलसुद्धा काढलेला.

"हिच्या वेळी नव्हती ही गुणगुण.
ही इथे, शेजारी बसायची.
ऐन रंगात आलं की गुडघ्यावर चापट मारायची.
का, ते कधी विचारलं नाही.
आणि फ्रिजवरून भांडायची, दूध नासतं म्हणून."

तबकडी पुसली. सुई टेकवली.
खरखर, मग तानपुरे,
मग डावीकडे, तिसऱ्या रांगेत
कुणीतरी खोकलं
इतकं लख्ख, की मी वळून पाहिलं.

आलाप चढला, आणि
आली.
मशीनमधून नाही.
कोपरकर, डोळे मिटून, ओठ मिटून,
गवयाच्या अर्धं पाऊल मागे,
जरासे उतरलेले.

बाजू संपली. "ऐकलीत?"
ऐकली, म्हटलं.
ट्रान्सफॉर्मर जुना आहे. राहणार थोडी.
पैसे? फ्यूजचे वीस द्या.

चहा कोराच मिळाला.