पाच मार्का

पंधरा ऑक्टोबरला आमचा पगार थांबतो.
जहाजाचं गळणं थांबत नाही.
म्हणून आम्ही सहाजण नोव्हेंबरातही येतो
ओलांडच्या धक्क्यावर, कानटोप्या ओढून,
अर्ध्या हजेरीवर.
शिडं केव्हाच उतरली, वाळली,
अग्निशामक केंद्राच्या माळ्यावर जाऊन झोपली.
उघडी फ्रेड्रिका धुक्यात
भादरलेल्या मेंढीसारखी दिसते.

उन्हाळ्यात प्रवासी विचारतात,
गव्हाच्या फेऱ्या करायचं ते हेच का जहाज?
नाही, मी म्हणते, ही नक्कल.
मग त्यांचे चेहरे किंचित उतरतात,
तिकीट जरा महागच पडलं, असे.
पण नकलेला बुरशी खरी लागते.
डांबर खरं. घट्टे खरे.
आणि बिर्गर, आमचा तांडेल,
तो तर शंभर टक्के खरा:
पिळात दोरी, दोरीवर कापड,
कापडावर सुतळी, सुतळीवर डांबर,
घट्ट, अजून घट्ट,
पावसाला दात असतात, म्हणतो.

यंदा रागनवाल्डने
मोठ्या डोलकाठीच्या बुंध्याला पेचकस लावला
आणि तो मुठीपर्यंत आत गेला.
तो काही बोलला नाही.
पेचकस तिथेच सोडून
कॉफी प्यायला गेला.

तासाच्या भाड्याने क्रेन आली.
दाढ निघावी तशी काठी निघाली,
आधी नाही म्हणत, मग एकदम.
खालच्या खोबणीत काळा चिखल,
चिखलात एक नाणं.

टिल्डाने ते पँटला पुसलं.
एका बाजूला सील, दुसऱ्या बाजूला चतुर.
'हे चालतं?' तिने विचारलं.
ती एकोणीस वर्षांची. मार्का तिने पाहिलेलाच नाही.
मी पाहिलाय. या एका नाण्यात आईस्क्रीम यायचं,
आणि उरलेल्या दुपारभर त्याची चव.

ते ठेवलं रागनवाल्डच्या बापाने, एव्हर्टने,
काठी पहिल्यांदा उभी केली तेव्हा.
ते त्याचं बसभाडं होतं,
तो त्या रात्री पायी घरी गेला,
असं रागनवाल्ड म्हणतो.
तो आणखीही बरंच म्हणतो.

सत्तावीस वर्षं आम्ही वर
जुनेपणाचं सोंग रंगवत होतो,
दर वसंतात एक हात, दोन हात,
आणि खाली अंधारात ही एक गोष्ट
कुणाला न सांगता
खरोखरच जुनी होत बसली होती.

संग्रहालयाची बाई आली,
पातळ मोजे घालून ते घेऊन गेली.
पावती दिली.

मार्चमध्ये नवी काठी.
क्रेनला टांगलेली, वारा वाढतोय,
बिर्गरने हात पुढे केला: नाणं.
आम्ही खिसे चाचपले.
कार्डं, फोन, किल्ल्या, एक ओला रुमाल.
सहाजणांत एकही सेंट नाही.
क्रेनवाल्याने घड्याळ पाहिलं.
तेव्हा आमची स्वयंपाकीण य्योर्दिस
किल्ल्यांच्या जुडग्यातून काढते
दुकानातल्या ट्रॉलीत घालायचं बिल्ला-नाणं,
लाल, प्लास्टिकचं.

'नाही,' बिर्गर म्हणाला.
वारा आणखी वाढला.
रागनवाल्डने ते उलटंपालटं केलं,
बापाची सही शोधावी तसं पाहिलं,
वाकून खोबणीत ठेवलं.
काठी त्यावर उतरली. बसली.
पायाखालची फळी एवढीशी कण्हली.

आता जूनमध्ये मी सांगते,
डोलकाठीखाली नाणं ठेवायची रीत आहे,
बुडालेल्यांना पैलतीराचं भाडं म्हणून.
कुठलं नाणं? एक मुलगा विचारतो.
जुनं, मी म्हणते.
होईलच.

य्योर्दिस अजून दर शनिवारी
ट्रॉल्यांच्या रांगेपुढे उभी राहते,
जुडगा चाचपते,
मग बटाटे, पीठ, बारा माणसांचं दूध
दोन्ही काखांत मारून
धक्क्याकडे चालू लागते.