एका दृष्टिक्षेपात तालुका

साहेबांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला
आणि म्हणाले, "बरी."
कन्नडात बरी म्हणजे लिही.
मराठीत बरी म्हणजे ठीक, चालेल.
मी दोन्ही अर्थांनी मान हलवली.

निपाणी तालुका नवा. शिक्का त्याहून नवा,
शाई अजून बोटाला लागते.
चार पानांत सगळं बसवायचं होतं,
वरची शीर्षकं बेळगावहून छापूनच आलेली.

इतिहास मी जरा लांबवला.
देसाई आले, कंपनी आली, मुंबई इलाखा आला,
मग छप्पन साली एका रात्रीत
जमीन जागची हलली नाही, राजधानी हलली.
आजोबा तेव्हा तंबाखूचे शेंडे खुडत होते,
हातांना चिकट काळा थर.
त्यांना कळलं आठेक दिवसांनी, पोस्टात,
मनीऑर्डरीचा फॉर्म भरून घेताना.
साहेबांनी आजोबांवरून लाल रेघ ओढली.
"हे कशाला? क्षेत्रफळ लिही."

प्रशासन सोपं होतं.
तलाठी म्हणा, शानभोग म्हणा, लेक्कीग म्हणा,
टेबल तेच, डुगडुगणारं,
एका पायाखाली विडीच्या पुड्याची घडी.
त्यामागे मुरग्याप्पा चनगोंडा.
आक्कूबाई वडराळेचा अर्ज त्यांनी मराठीत वाचला,
कन्नडात नामंजूर केला,
आणि पुन्हा मराठीत तिला हळूच म्हणाले,
"मावशी, उद्या या."
नाळे म्हणा, उद्या म्हणा,
आक्कूबाईला तितकंच चालावं लागतं,
ममदापुरापासून.

दळणवळण.
राष्ट्रीय महामार्ग: आहे.
तो गावाला टेकत नाही, वरून जातो.
बस: आहेत, पण कुठे काही पेटलं
की कोगनोळीच्या नाक्यावर दोन्हीकडच्या थांबतात,
ड्रायव्हर खाली उतरून
एकमेकांच्या डब्यातली चटणी खातात.
लोहमार्ग: इथे मी पेन खाली ठेवलं.
आमच्या अंगणात रेल्वेचा दगड आहे.
बाण कोरलेला, चुना कधीच धुऊन गेलेला,
माझ्या जन्माआधी कुणी मोजणीवाल्यांनी रोवला.
मग दुसरे आले, त्यांनी बाण उलटा रंगवला.
तिसऱ्यांनी चहा घेतला, फोटो काढला.
कन्नडात बरी लांब ओढली
की तिचा अर्थ होतो नुसतं.
बरीऽऽ सर्वे, मुरग्याप्पा म्हणतात, आणि हसत नाहीत.

त्या दगडाला पाठ लावून आई विड्या वळते.
ओल्या फडक्यात पानं, मांडीवर सूप,
पत्र्याचा फर्मा, आजीच्या वेळची कात्री.
दगडावरच धार लावते. इतका तो उपयोगी.

अर्थव्यवस्थेचं पान शेवटपर्यंत राहिलं.
मुख्य पीक तंबाखू, ऊस वाढतो आहे, हे लिहिलं.
विडी कामगार महिला, संख्या:
कारखान्यांची रजिस्टरं आणून मी बेरीज मांडली.
दोनदा केली, जुळली.
रात्री आईनं विचारलं, "मला धरलंस काय त्यात?"
"तुझं कार्ड कुठंय?"
कार्ड ठेकेदाराच्या वहिनीच्या नावावर.
तिनं आयुष्यात एक विडी वळलेली नाही,
फंड मात्र तिचाच जमतो.
आईच्या हजारातल्या ऐंशी छाटीत जातात,
उरलेल्या त्या वहिनीनं वळलेल्या असतात.
आई काही बोलली नाही.
दातानं दोरा तोडला,
पुढचं पान घेतलं.

सकाळी लवकर जाऊन मी कुलूप काढलं.
बेरजेच्या शेवटच्या आकड्यात
एक मिळवला.
नऊचं शून्य झालं, हातचा एक पुढं गेला,
त्यामुळं खाडाखोड जरा जास्तच दिसत होती.

साहेबांनी सही केली, शिक्का मारला,
शाई बोटाला लागली तशी
माझ्याच कागदाच्या कोपऱ्याला पुसली.
गठ्ठा दुपारच्या बसनं बेळगावला गेला.

कुणी कधी रजिस्टरं काढून ताळा केलाच,
तर बेरीज एकानं चुकलेली निघेल.
ती दगडापाशी बसलेली असते,
साडेचारनंतर, ऊन भिंतीवर चढलं की.