भार

मनामा. मीना सलमान बंदर, शेड नंबर तीन.
एकोणीस वर्षं मी जहाजांची ओझी लिहिली.
तांदूळ किती, सिमेंट किती, जिवंत मेंढ्या किती,
वाटेत मेलेल्या किती. त्यांचा रकाना वेगळा.
नाव हन्नोक झिराडकर. लोक आडनावावर थांबायचे,
अलिबागकडचे का? हो म्हणायचो.
पुढचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सुट्टी शुक्रवारी. शनिवारी कामावर.
पणज्याचा तेलाचा घाणा शनिवारी थांबायचा,
बैलसुद्धा तो वार ओळखून होता.
मी शनिवारी टन मोजायचो
आणि मनातल्या मनात बैलाची माफी मागायचो.

मिस्टर पेलम, सर्व्हेअर, मायदेशी गेला
खोकाभर पुस्तकं टेबलाखाली सोडून.
एक बिनकव्हरचं, कसरीनं कडा खाल्लेलं:
सोळाशे एकवीस सालची एका पाद्र्याची रोजनिशी.
टोबायस वेन. जास्कच्या किनाऱ्याला लागलेला.
जहाज तीनशे टन बर्डन.
हे लगेच कळलं. हे माझंच खातं.

पण रविवारी हा डेकवर उभा राहून प्रवचन देतो,
तिथंही बर्डन.
अमक्या नगरीचा बर्डन, तमक्या राजाचा बर्डन,
आमच्याच जुन्या द्रष्ट्यांच्या तोंडचा.
लिंबं संपलेली, खलाशांच्या हिरड्यांतून रक्त,
आणि हा सांगतोय, भरलेली बंदरं कशी ओस पडतात.
मला वाटलं, छपाईची चूक.

मग ट्रंकेतून आजोबांची हिब्रू पोथी काढली.
लहानपणी हज्जान मामा वेताच्या काडीनं अक्षर दाखवायचे,
ती काडी अजून बोटावर लागते.
मस्सा.
उचललेलं ते मस्सा.
गाढवावर चढवलेलं पोतं,
आणि देवानं जिभेवर ठेवलेलं वाक्यही.
शेडमधला रामसजीवन हसला, मस्सा म्हणजे चामखीळ!
तेही खरं. अंगावर उगवते, विचारून नाही.

लंडनला पंडित थंडीत बसले असतील,
शाई गोठू नये म्हणून दौत शेगडीपाशी,
कुणीतरी म्हणालं असेल, लिहा, बर्डन.
खाली नदीत तेव्हा जहाजं भरत होती
आमच्याकडे यायला.
नायरची मुलगी टपालानं इंग्रजीत बीए करते, ती म्हणाली,
अंकल, जुन्या गाण्याचं पालुपद, तेसुद्धा बर्डन.
पुन्हा पुन्हा येणारी ओळ.

झिराडला याचं कुणाला नवल नव्हतं.
शेजारच्या भागीच्या अंगात यायचं, तेव्हा म्हणत,
भार आला.
आपल्यात नसतं हे, आई म्हणायची,
आणि दाराआडून हलायची नाही.
भागी घुमायची. खोताचं नाव घेऊन सांगायची
कुणाची जमीन खाल्ली, कुठली विहीर बुजवली;
एरवी त्याच्यापुढे मान वर न करणारी.
मग भार उतरायचा. ती पाणी मागायची.

मुराद बलोच, हमाल, जास्ककडचाच.
हमाल हा शब्द इथं धक्क्यावरही हमालच.
ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी, शेडच्या पत्र्याखाली,
सिमेंटचं एकेचाळिसावं पोतं पाठीवर घेऊन
तो खाली बसला.
पोतं तसंच पाठीवर.

संध्याकाळी मॅनेजर म्हणाला, कागद पूर्ण कर, जहाज सुटतंय.
मेलेल्या मेंढ्या अकरा. लिहिल्या.
खाली जागा होती.
लिहिलं: मुराद बलोच, वय अदमासे पन्नास.
तापमान लिहिलं, पोती लिहिली,
पाण्याचा पिंप सकाळपासून रिकामा, तेही.
कुणी लिहायला सांगितलं, मॅनेजरनं विचारलं.
मला उत्तर माहीत नव्हतं.
हात थरथरत होता, पण अक्षर
इतकं सुरेख माझं कधी आलं नव्हतं.

व्हिसा महिन्याभरात संपवला त्यांनी.
ते नंतर. त्या संध्याकाळी फक्त
पेन ठेवलं
आणि पाणी मागितलं.