तीन मिलिमीटर

शाळेनं पाठवलेल्या फॉर्मवर एकच ओळ मोकळी आहे:
‘या आठवड्यात विद्यार्थिनी काय शिकली?’
पेनचं टोपण काढून बसलोय, पाऊण तास झाला.

ओदेसा पिल्चर. वय सोळा.
मंगळवारी आणि गुरुवारी, भूमितीचा तास सुटला की
आईच्या पिकअपमधून उतरते,
गालात सँडविचचा शेवटचा घास,
आणि हजेरीच्या यंत्रावर कार्ड टेकवते
दोन्ही हातांनी, जपून.
तासाला अकरा डॉलर.
पहिल्या पगाराचे तिनं बूट घेतले, पोलादी टोकाचे,
आणि धाकट्या भावाला खिजवायला
दोन दिवस घरातही घातले.

आमच्याकडे पाय बनतात.
हात क्वचित. इंडियानाच्या या कोपऱ्यात पायच जास्त जातात:
साखरेनं, धान्याच्या कोठारातल्या पट्ट्यात,
एखादा बर्फातल्या हायवेवर.
पहिल्या दिवशी ती फळीसमोर उभी राहिली,
प्लास्टरचे गुडघे रांगेत,
प्रत्येकावर पेन्सिलीनं एक आडनाव.
म्हणाली, ‘शाळेत कुणी विचारलं तर काय सांगू?’
म्हटलं, ‘सुतारकाम सांग. बरंचसं खरंच आहे.’

महिनाभर झाडू.
मग बादलीत प्लास्टर कालवणं, सायीइतकं दाट,
गुठळी राहिली की पुन्हा.
मग कानस.

बर्ल ट्रॉयरच्या साच्यावर, गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला
मी एक उंचवटा लिंपून ठेवला होता.
साच्यावर उंचवटा, म्हणजे कपात आतून खळगा,
खळगा, म्हणजे टोकदार हाडाला बसायला जागा.
हे मी तिला सांगितलं नव्हतं.
तिला ते ओबडधोबड दिसलं.
मी फोनवर होतो. तिनं घासलं,
इतकं सुबक घासलं की बोट फिरवलं तरी कळू नये
इथे काही होतं.
आणि मी बोट फिरवलंच नाही.
तेही या फॉर्मवर यायला हवं.

मंगळवारी बर्ल आला. पारदर्शक कप चढवला,
दोन दांड्यांमध्ये उभा राहिला.
‘कसं वाटतंय?’
‘बरंय.’
बर्लच्या तोंडी ‘बरंय’ म्हणजे काहीही असू शकतं.
बायको गेली तेव्हाही बरंच होतं.
मी स्क्रू आवळायला वाकलो.
ओदेसा त्याच्या पायाकडे बघतच नव्हती,
ती बघत होती त्याची डावी मूठ,
दांडीवर पांढरी पडलेली.
खाली बसली. कपावर बाहेरून बोट टेकवलं.
‘इथे?’
‘थोडंसं.’
‘इथे एक फुगवटा होता. मीच काढला.
मला वाटलं, चूक आहे.’

एक्क्याऐंशी साली, माझ्या उस्तादानं
अशा वेळी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं,
‘सवय होईल.’
फार शिकवलं त्यानं मला. हे वाक्यही.
ते माझ्या जिभेवर तयार होतं.

बर्लनं तिच्या बुटांकडे बघितलं, नव्या, पिवळ्या.
‘मग गुरुवारी येऊ?’
‘गुरुवारी माझी केमिस्ट्रीची परीक्षा आहे.
साडेतीनला येते मी.’
‘मग मी चारला,’ तो म्हणाला, आणि टोपी घातली,
डॉक्टरांसमोर घालतो तशी, हळू.

संध्याकाळी कपात नवं प्लास्टर ओतलं.
नवा साचा निघाल्यावर ती स्टुलावर बसली,
जीन्सवरून स्वतःचं हाड चाचपत,
आपल्यालाही आहे ते, याचं नवल चेहऱ्यावर.
‘किती ठेवू?’
‘तीन मिलिमीटर.’
‘एवढंच?’
‘एवढंच.’

फॉर्मवर तेच लिहितो. तीन मिलिमीटर.
शाळेतून फोन येईल, जरा सविस्तर सांगाल का.
मागच्या मोरीतून ती विचारते,
नखांतलं हे प्लास्टर कशानं जातं?
‘व्हिनेगर,’ मी ओरडतो,
‘कपाटात. डावीकडे.’