झाकण

रात्रीचे सव्वादोन. भायखळ्यातला आडवा रस्ता.
टॅबवरचा नकाशा म्हणतो, व्हॉल्व्ह इथे.
वॉर्डातला कापडी नकाशा म्हणतो, छे, तिथे.
आणि वर डांबराचे नऊ थर,
प्रत्येक थराचं टेंडर वेगळं.

मी मशीनवाला, रोजंदारीचा.
कानाला हेडफोन, हातात दांडा, दांड्याला ताटली;
सोनोग्राफीवाली बाई पोटावरून फिरवते
तशी फिरवायची. दाबायची नाही.

लोखंड खर्जात बोलतं.
पितळ जरा वर.
बाटलीचं बूच खोटं बोलतं, रुपयाच्या आवाजात.
आत्तापर्यंत अशी सात बुचं, एक नट,
घोड्याचा अर्धा नाल.

मग एक आवाज लागतो तो तुटतच नाही.
दहा पावलं, वीस पावलं, सरळ रेघेत;
मी त्याच्या मागे मागे पार बेकरीपर्यंत.
मिराशीसाहेब ओरडतात, अरे, कुठे निघालास?
ट्रामचा रूळ.
माझ्या जन्माआधी बंद पडलेली ती
मला घेऊन चालली होती,
तिकीट न फाडता.

साडेतीनला घाडीगावकरांना घरून उचलून आणलं.
एकतीस वर्षं चावीवाले.
लेंगा, मफलर, दात घरी राहिलेले.
नकाशाकडे बघतसुद्धा नाहीत. विचारतात,
"इराण्याची पायरी कुठाय?"
इराणी नाही. पायरी नाही. एटीएम आहे.
"बरं," म्हणतात, एटीएमकडे पाठ करतात
आणि चालू लागतात. सात. आठ. नऊ.
"आता पाऊल आखूड पडतं. दोन जास्तीची धरा."

मी ताटली नेतो, मशीन किंचाळतं.
सगळे पहारी उचलतात.
"थांबा रे," म्हातारा गुडघा चोळतो,
"ही माझी सळी. नायरमधे घातलेली.
हा व्हॉल्व्ह राहू दे बंद."

हसणं संपतं, ते बाजूला सरकतात.
मशीन बोलतच राहतं,
आता खालून. जाड. गोल.

ब्रेकर सुरू होतो. वरून कुणीतरी आयमाय काढतं.
राखाडी थर, काळा, काळा, पुन्हा काळा,
मग तांबडी माती, जिच्यावर अजून
कुणाचंच टेंडर निघालेलं नाही.
आणि झाकण. बिडाचं, अक्षरं झिजलेलं.

घाडीगावकर उकिडवे बसतात,
कडेची माती नखाने उकरतात:
छिन्नीने ठोकलेला वाकडा घ.
"साहेबांना दाखवू नका, मेमो येईल,"
माझ्या कानाशी कुजबुजतात.
निवृत्त होऊन बारा वर्षं झालीत.

चावी फिरवायला आम्ही तिघं लागतो.
ते डोळे मिटून आटे मोजतात,
अठराव्याला हात वर करतात. बास.

मी हेडफोन लावून ताटली धरतो.
ट्राम ऐकू येते, सळी, बुचं, नाल.
पाण्याचा या मशीनला पत्ताच नाही.

समोर तिसऱ्या मजल्यावर दिवा लागतो.
कुणाच्या तरी मोरीत
नळ आधी नुसता खाकरतो.